दांडिया बाजारात अमेरिकेतलं व्हिलेज छापून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

बडोद्यात अमेरिकेतल्या एका व्हिलेजचा भिंतीवरचा नकाशा छापून घेतला. दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण पहिल्या फेरीत घोळ झाला आणि दुसऱ्या फेरीत काम एकदम मस्त झालं, नाव टाकलं की लोक फक्त घोळच लक्षात ठेवतात. दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत आहे, खाली कंकोत्रीवाला (लग्नपत्रिका छापणारा), वर हे प्लॉटरवाले, म्हणजे मोठ्या कागदावर छापणारे, जिना अरुंद.

तर झालं असं, लेक-जावई शिकागोजवळ रिव्हरसाईडला राहायला गेले आणि मी सासूबाईंना सांगून बसले की ते व्हिलेज आहे. झालं! "खेड्यात गेली का पोर? मग बडोदं काय वाईट होतं?" वय ८६, कान तिखट. मोबाईलवर नकाशा दाखवायला गेलं की त्यांचं बोट लागून आम्ही थेट समुद्रात. म्हणून ठरवलं की भिंतीवर लावायला ए-वन (A1, कागदाचं माप) साइजचा मोठा नकाशाच छापून घ्यायचा, म्हणजे रोजचा प्रश्न तरी मिटेल.

पहिला घोळ. मी फोनवर सांगितलं "रिव्हरसाईड, अमेरिका", चूक माझी पण आहे, राज्य सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी गुंडाळी आणली, उघडली तर कॅलिफोर्नियाचं रिव्हरसाईड, तीन लाखांच्या वर वस्तीचं अख्खं शहर. जावयाला फोटो पाठवला तर तो नुसता हसतोय. अहो पण दुकानदाराने छापायच्या आधी एक फोटो तरी पाठवायचा की नाही? अर्धे पैसे घेतलेच त्याचे.

दुसऱ्यांदा मी स्वतः जाऊन बसले. कॉम्प्युटरवर एक मुलगी असते आणि एक पोरगा. इंटरनेटवर मोफत मिळणारा ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा उघडला, इलिनॉय, रिव्हरसाईड, आणि पोरगा म्हणतो, "मासी, आ फाइल बगडी गई लागे छे, रोड बधा वांका छे." खरंच, सगळे रस्ते शेवया टाकल्यासारखे! आजूबाजूला शिकागोचे रस्ते वहीच्या चौकटीसारखे सरळ, आणि मधेच हा गुंता. मी म्हटलं बाबा फाइल बरोबर आहे, ते मुद्दाम वाकडे केलेत. जावयाने सांगितलं होतं म्हणून माहीत, १८६९ मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने हे गाव आखलं, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी केलं तेच, आणि माणसाने शहरातून घरी आल्यावर जरा सावकाश चालावं, घाई नसावी, असा त्यांचा विचार. लाँगकॉमन रोड, ब्लूमिंगबँक रोड असली नावं, नदीच्या काठाने वळत जाणारी. रस्त्यावर गॅसचे दिवे अजून जळतात म्हणे. मुलगी म्हणाली आपल्याकडे पण जुन्या पोळांमध्ये (गल्लीबोळांच्या जुन्या वस्त्यांमध्ये) सरळ कुठे आहेत रस्ते, पण त्याला कोणी डिझाइन म्हणत नाही. बरोबर बोलली.

मग हद्द. पिन कोड ६०५४६ टाकून शोधलं तर शेजारचं नॉर्थ रिव्हरसाईड पण आत आलं, दोघांचा पिन एकच पण व्हिलेज वेगवेगळी. या मुलीने तिकडच्या सेन्ससवाल्यांची (जनगणना खात्याची) हद्दीची फाइल वेगळी उतरवून त्याची लाल रेघ वर बसवली, मी सांगितलं नव्हतं हां. स्केल ठेवलं १ सेंटीमीटरला ५० मीटर. कोपऱ्यात लिहायला मी आकडे दिले: लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ९,२९८, त्याआधी २०१० ला ८,८७५, आणि जागा जेमतेम ५ चौरस किलोमीटरच्या आसपास. पोरगा म्हणाला "बस आटलाच?" अरे, २०११ ला बडोदं सोळा लाखांच्या वर होतं, तू कशाची तुलना करतोस!

व्हिलेजचं कोडं मात्र मला पण तिथेच बसल्या बसल्या सुटलं. इलिनॉयमध्ये व्हिलेज म्हणजे खेडं नाहीच, तो नगरपालिकेचा एक प्रकार आहे, मेयरच्या जागी व्हिलेज प्रेसिडेंट आणि सोबत ट्रस्टी. शॉमबर्ग म्हणून एक आहे, ७८ हजारांच्या वर वस्ती, ते पण कागदावर व्हिलेजच. म्हशी वगैरे काही नाही. रिव्हरसाईडला मधोमध रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून गाडी पकडून लोक शिकागोला नोकरीला जातात.

आता प्रिंटबद्दल. प्रूफमध्ये नदीचा निळा चक्क वांग्याच्या रंगाचा आला होता, मुलीने रंग तपासायला तीनदा छोट्या पट्ट्या छापून पाहिल्या आणि मग शेवटचा काढला. रस्त्यांची नावं मुंगीएवढी होती ती मोठी करवून घेतली, काही नावं एकमेकांवर चढली ती तिने हाताने सरकवली. लॅमिनेशन मॅटच घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि म्हाताऱ्या माणसाला काही दिसत नाही. पैसे प्रिंट आणि लॅमिनेशन मिळून साडेपाचशे, मला जरा जास्त वाटले, पण दीड तास बसली बिचारी. नकाशा टांगायची पट्टी लावून दिली नाही, खिळ्यांसाठी भोकं पण घरीच पाडावी लागली. दुपारी एक ते चार बंद असतात हे पाटीवर लिहिलेलं नाही, मी उन्हात एक चक्कर फुकट मारली.

घरी लावला तर सासूबाई रोज काठीने रस्ते मोजतात. पहिला प्रश्न नदी. डेस प्लेन्स नाव, पश्चिम-दक्षिणेकडून गावाला वळसा घालते. मिशिगन तलाव तिथून साधारण सतरा किलोमीटरवर, पण नदी तिकडे जातच नाही, मधे जमिनीचा हलकासा उंचवटा आहे, म्हणून ती इलिनॉय नदीत आणि मग मिसिसिपीत, पार मेक्सिकोच्या आखातापर्यंत. सासूबाई लगेच, "आपली विश्वामित्री पावागढातून निघून खंभातच्या आखाताला, ही पण आखातालाच." मग पूर येतो का? येतो, २०१३ च्या एप्रिलला मोठा आला होता. हे सांगायला नको होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलेलं त्यांना अजून विसरता येत नाही, मग दिवसभर लेकीला फोन, कितव्या मजल्यावर राहतेस. हद्दीला लागूनच ब्रुकफील्ड झू आहे ते बघून जरा खूश झाल्या, आमच्या सयाजीबागेतल्या झूसारखंच नदीजवळ. पण लगेच, "आणि आपल्या विश्वामित्रीत आहेत तशा मगरी?" मी म्हटलं आई, मगरी नाहीत. विश्वास बसलेला नाही.

एकूण पाचातले चार स्टार, एक कापला कॅलिफोर्नियासाठी. जाल तर राज्य, काउंटी (म्हणजे जिल्हा) सगळं कागदावर लिहून न्या आणि कॉम्प्युटरवरच्या त्या मुलीकडेच काम द्या, पोरगा घाई करतो. तो पहिला कॅलिफोर्नियावाला कागद मी फडताळात अंथरलाय, वर लोणच्याच्या बरण्या. कागद जाड आहे, त्यात तक्रार नाही.