पोटावरच्या स्ट्रेच मार्क्ससाठी फ्रॅक्शनल सीओ२ लेझर: आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

लेझर घ्यायचं ठरवत असाल तर मशीनच्या आधी फोटोंचं बोलून घ्या. बाकी सगळं नंतर.

परवा क्लिनिकमध्ये मला माझेच 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो शेजारी-शेजारी दाखवले आणि माझं डोकंच फिरलं. 'आधी'चा फोटो खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात काढलेला, त्यात एकेक रेघ सावलीसकट उठून दिसते. 'नंतर'चा समोरून फ्लॅश मारून. समोरून उजेड पडला की खळगे दिसतच नाहीत, लेझर न घेताही ते पोट गुळगुळीत दिसलं असतं. आणि त्या जोरावर पुढच्या पॅकेजचा आग्रह. त्याच खिडकीपाशी पुन्हा फोटो काढा म्हटलं, तर "मॅडम, आमची तशी पद्धत नाही." सेशनला सात हजार, वर १८ टक्के जीएसटी, विम्यातून एक रुपया मिळत नाही. एवढे पैसे घेणाऱ्याला एका उजेडात दोन फोटो काढता येऊ नयेत?

सुदैवाने मी पहिल्यापासून घरी एकच दिवा एका बाजूला ठेवून फोटो काढत आले आहे. त्यांवरून सांगते.

माझे मार्क्स बाळंतपणाचे, जुने, पांढरे पडलेले. ते लाल-जांभळे असतात तेव्हा ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पल्स्ड डाय लेझर तिथल्या रक्तातलं हिमोग्लोबिन गाठतो. पांढरे झाल्यावर त्याला गाठायला फारसं काही उरत नाही. म्हणून मला सीओ२ दिला. तो १०,६०० नॅनोमीटरचा, त्वचेतल्या पाण्यावर काम करतो. बारीक ठिपक्यांची जाळी भाजत जातो, मधली त्वचा शाबूत राहते आणि जखमा भरताना नवं कोलेजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार होतं. सुन्न करणारं क्रीम लावूनही चटके बसतात, पण सोसवतात.

दुसऱ्या सेशननंतर मात्र पोटावर चाळणीसारखी काळी ठिपक्यांची जाळी उमटली. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत भाजलं की रंगद्रव्य जास्त तयार होतं, हा धोका सगळ्यांना ठाऊक असलेला. मला तो कुणी सांगितला नाही, आधी छोट्या जागेवर चाचणीही केली नाही. त्यात परकरची नाडी नेमकी तिथेच घासायची. तेव्हा हे लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी ऊर्जा आणि ठिपक्यांची दाटी दोन्ही कमी केली, दोन सेशनमधलं अंतर वाढवलं. जाळी हळूहळू फिकी झाली, दिवाळीपर्यंत जवळजवळ गेली. आणि आता खरं ते लिहायलाच हवं: बोट फिरवलं तर फरक लागतो. बेंबीखालचे खोल चर उथळ झालेत, सुरकुतलेली कातडी थोडी घट्ट झाली आहे. हे माझ्या तिरप्या उजेडातल्या फोटोंतही दिसतं, म्हणून विश्वास ठेवते. रंग मात्र होता तसाच, पांढरा. त्यासाठी ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर सुचवला. त्याने रंग येतो, पण टिकवायला अधूनमधून पुन्हा जावं लागतं. तो खर्च मी करणार नाही.

मैत्रिणीने मायक्रोनीडलिंग केलं, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला टोचून घेतलं. ते लेझरपेक्षा स्वस्त, काळे डाग पडण्याचा धोकाही कमी. आज निवडायचं असतं तर मी आधी त्याचीच चौकशी केली असती.

उरलेल्या सेशनचे पैसे परत मागितले तर हेअर रिमूव्हलमध्ये वळवून देतो म्हणाले. मला नको आहे. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे, माझे आणि त्यांचे दोन्ही फोटो तयार ठेवलेत. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.