स्वस्तातली चेनसॉ घेतली, आता ऐका
मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत गुलमोहर आडवा झाला तेव्हा घाईघाईत ऑनलाइन एक ५८ सीसीची, नाव कधी न ऐकलेली चेनसॉ (लाकूड कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत) मागवली, कागदावर पॉवर भरपूर पण दहा मिनिटांत चेन ढिली आणि एकदा गरम झाली की दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ. माळीकाकांकडे स्टिल कंपनीची जुनी चेनसॉ आहे, सीसी कमी तरी लोण्यात सुरी गेल्यासारखी कापते. तिला पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, आमच्या बाईसाहेबांना ४०, धूर बघा नुसता! चेनचं ऑइल भरायला मीच विसरलो होतो, ते सोडा. वर्षातून दोनदा फांद्या छाटायच्या तर चालेल, फक्त चेन चांगली टाका. रोजचं काम असेल तर नकोच.