रंगाखाली लपवलेला ओतीव अ‍ॅक्सल

हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीच्या सांगाड्यावर हौसेनं बांधलेली गाडी. तिच्यासाठी पुढचा अ‍ॅक्सल घेताना माझे ३६ हजार रुपये बुडाले. त्याचं दुःख आहेच, पण तो तुटला तेव्हा माझा १६ वर्षांचा पुतण्या शेजारच्या सीटवर बसला होता. ते आठवलं की अजून झोप लागत नाही. म्हणून लिहितोय.

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं छोटं गॅरेज आहे. दोन वर्षं रोज रात्री जुन्या जीपच्या चेसिसवर हॉट रॉड उभी करत होतो. ती रस्त्यावर काढायची नव्हतीच. मूळ रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मामांच्या होटगीकडच्या शेतात चालवायची, एवढीच हौस.

या गाड्यांचा पुढचा भाग खाली बसलेला असतो आणि पुढे अ‍ॅक्सल म्हणून बहुतेक दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग आडवा बीम असतो. १९४८ पर्यंतच्या फोर्ड मोटारींना तसा घडीव, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून घडवलेला, बीम येई. त्याची टोकं तापवून वाकवली की गाडी खाली येते. मला ४ इंच ड्रॉप, म्हणजे गाडी तेवढी खाली, हवी होती. जाहिरात पाहून एकाला फोन केला.

"मालक, जुन्या फोर्डचा आहे, एकदम ओरिजिनल घडीव. पुण्याची पार्टी उद्या येणारे, तुमच्यासाठी थांबवलाय."

फोटोत काळा कुळकुळीत रंग चमकत होता. थोडा रंग खरवडून उघड्या लोखंडाचा फोटो पाठवा म्हटलं, तर म्हणाला, गंज धरेल. मी तिथंच थांबायला हवं होतं. १५ हजार आगाऊ पाठवले, बाकीचे ट्रान्सपोर्टची बिल्टी आल्यावर. बिल मागितलं तर पार्सलसोबत येईल म्हणाला. पार्सलमध्ये बिनसहीची चिठ्ठी निघाली.

बसवून जेमतेम तिसरी फेरी होती. वेग फार तर २५ असेल. पाण्याचा पाट ओलांडताना डावं चाक वर गेलं, मी ब्रेक दाबला आणि 'टक्' असा कोरडा आवाज आला. किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, भोकच बीमपासून सुटलं. चाक आत दुमडलं, नाक काळ्या मातीत रुतलं. पुतण्याचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. दोन टाके पडले.

आमच्या गल्लीत एक काका राहतात, बंद पडलेल्या गिरणीत पूर्वी फिटर होते. तुटलेला तुकडा त्यांनी हातात घेतला, तुटीवरून अंगठा फिरवला. आतून राखाडी, दाणेदार, खडीसाखरेसारखं. "लेका, ह्ये घडीव न्हाई. ओतीव हाय." म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेला.

मग उरलेला बीम दोरीला टांगून हातोडा मारला. 'थड्' आणि संपलं. शेजारी ट्रकचा जुना घडीव बीम होता, त्यावर मारल्यावर घंटेसारखा नाद कितीतरी वेळ घुमत राहिला. नुसत्या आवाजावर विसंबू नये म्हणून ग्राइंडर लावला. पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळ्या-पांढऱ्या, टोकाला फुटणाऱ्या. आमच्या बीमच्या आखूड आणि लालसर. ड्रिल मारलं तर गुंडाळीदार कीस निघायच्या ऐवजी भुकटी पडली. रंग काढल्यावर मधोमध साच्याची बारीक रेष दिसली. घडीव मालावर तिथं डायच्या (ठोकायच्या साच्याच्या) जोडाची रुंद, घासून काढलेली पट्टी असते. आणि भोकापाशी बोटभर पुट्टीचा थर, त्याखाली जुनी चीर वेल्डिंग करून बुजवलेली. हे बघून माझे हात थरथरायला लागले. विकणाऱ्याला सगळं माहीत होतं.

माझ्या गाडीला दोन रॉड बीमपासून मागे येऊन चेसिसला वेगवेगळ्या जागी पकडलेले आहेत. अशा जुळणीत एक चाक उचललं की बीमला पीळ बसतोच. घडीव आय-बीम (I अक्षराच्या छेदाचा) तो पीळ सोसतो, आणि जोर जास्त झाला तर आधी वाकतो. असं ओतीव लोखंड वाकत नाही, एकदम तुटतं. पाइपचा अ‍ॅक्सलही पीळ घेत नाही, त्याला चार समांतर रॉडची जुळणी लागते. हे ठाऊक असूनच मी जास्त पैसे मोजून 'घडीव' मागितला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, पण पैसे जाऊन २२ दिवस झाले होते. तो नंबर पैसे गेल्या क्षणी लावायचा असतो, तरच समोरच्याचं खातं वेळेत गोठवता येतं. मग भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली पोलिसांत लेखी तक्रार दिली. चॅट, बिल्टी आणि तुटलेला तुकडा जपून ठेवलाय. बिल्टीवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा निघाला.

गेल्या महिन्यात पुन्हा बीम शोधायला निघालो. या वेळी पिशवीत ग्राइंडर, आणि चीर शोधायचे डाय पेनिट्रंटचे डबे. पहिल्या दुकानदारानं रंगाला हात लावू दिला नाही, तिथून तसाच उठलो. दुसऱ्यानं मी काही बोलायच्या आत बीम दारात ओढून आणला, एक्स्टेन्शन बोर्ड पुढे सरकवला आणि म्हणाला, "अण्णा, पैलं घासून बघा, मग पैशाचं बोलू."