सिकलसेल: जनुक कापायचे की नवे घालायचे?
8 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या दोन जनुकोपचारांना एकाच दिवशी मान्यता मिळाली. कॅसजेव्हीत क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राची कात्री रक्ताच्या मूळपेशींमध्ये बीसीएल11ए जनुकाचा ‘स्विच’ कापते. ते मंदावले, की गर्भात बनणारे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होते आणि तांबड्या पेशींचे विळ्यासारखे वाकणे टळते. लिफजेनियात निरुपद्रवी केलेला विषाणू हिमोग्लोबिनचा घटक बनवणारे सुधारित बीटा-ग्लोबिन जनुक आत पोहोचवतो. गंमत म्हणजे बिघडलेले मूळ जनुक दोन्हींत तसेच राहते!

लिफजेनियावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा आहे, म्हणून माझा कल कॅसजेव्हीकडे. जुन्या मूळपेशी हटवण्यासाठीची केमोथेरपी दोन्हींत अटळ. मान्यतेच्या वेळी किंमत कॅसजेव्हीची 22, तर लिफजेनियाची 31 लाख डॉलर होती. गडचिरोली-नंदुरबारच्या रुग्णांना तूर्त आधार हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचाच.