कोड आला की कोणाला बोलवायचं: कंपनीचा इंजिनिअर, स्वतःचा स्कॅनर की नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन?

दसरा झाला की आमच्याकडे चिरेखाणी परत सुरू होतात, आणि पावसाचे चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली मशीन चावी मारल्यावर स्क्रीनवर बिघाडाचा असा काहीतरी कोड दाखवते की ऑपरेटर म्हणतो मी बापजन्मात पाहिला नाही. मग फोनाफोनी. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत एक-दोन पोकलेन किंवा बॅकहो असलेल्यांपुढे तीनच रस्ते असतात, आणि मी तिन्हीवर पैसे घालवलेत, त्यामुळे लिहितोय.

पण आधी कोडचा दुसरा आकडा वाचायला शिका, कारण कोणाला बोलवायचं ते तोच ठरवतो. बहुतेक नव्या इंजिनांत जे१९३९ पद्धतीचा (अवजड मशीनच्या इंजिनांसाठीचं ठरलेलं स्टँडर्ड) कोड असतो, त्यात पहिला आकडा एसपीएन म्हणजे कुठली गोष्ट आणि दुसरा एफएमआय म्हणजे त्या गोष्टीचं काय झालंय. एसपीएन १०० ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, ९७ डिझेलमध्ये पाणी, १६८ बॅटरीचं व्होल्टेज, १५७ रेल प्रेशर म्हणजे इंजेक्टरना जाणाऱ्या डिझेलचा दाब. एफएमआय ० किंवा १ असेल तर कंट्रोलरच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मते सेन्सर बरोबर बोलतोय आणि आकडा खरोखर धोक्याच्या वर किंवा खाली गेलाय. ३, ४, ५, ६ म्हणजे विजेचं लफडं: व्होल्टेज जास्त, व्होल्टेज कमी, सर्किट तुटलंय, करंट जास्त. म्हणजे १०० वर १ आला तर मशीन तिथल्या तिथे बंद, आणि साधा मेकॅनिकल गेज लावून प्रेशर बघायचं. १०० वर ४ आला तर ऑइलचा बहुतेक काही संबंध नाही, वायर किंवा सेन्सर बघा (डिपस्टिक मात्र तरीही बघाच). हा फरक न कळल्यामुळे ऑइल पंप उतरवलेले लोक मला माहीत आहेत.

आता माझ्या पोकलेनचं. मागच्या सीझनला एकदम तीन कोड: १०० वर ४, १०२ वर ४ म्हणजे बूस्ट प्रेशर (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब), आणि ३५०९ वर ४. एका सर्व्हिसवाल्याने फोनवरच सांगितलं दोन्ही सेन्सर बदला. मी ऑर्डर देणारच होतो, तेवढ्यात आमचा इलेक्ट्रिशियन आला आणि म्हणाला, "मेल्या, आधी अर्थिंग बघ, मगे कोड वाचीत रव." अर्थिंग घासून साफ केलं, फरक नाही. मग त्याने सांगितलं की ३५०९ म्हणजे सेन्सरना जाणारा ५ व्होल्टचा सप्लाय, तो एकाच वायरीने चार-पाच सेन्सरना जातो, आणि त्यातला एक जरी बॉडीला शॉर्ट झाला तरी सगळे एकदम ओरडतात. चावी ऑन, इंजिन बंद, मीटर बूस्ट सेन्सरच्या प्लगात लावला तर ५ च्या जागी अर्धा व्होल्टही नाही. त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत गेला, सगळे काढले तरी ५ येईना. म्हणजे सेन्सर नाहीत, वायरच. इंजिनच्या मागे ब्रॅकेटच्या आत हार्नेस (वायरींचा जुडगा) उंदराने सोलला होता, तांबं हिरवं पडलेलं आणि ब्रॅकेटला टेकलेलं. वायर जोडली, स्लीव्ह घातली, कोड गेले. दोन सेन्सरचे पैसे वाचले आणि पंधरा दिवसांची वाटही.

या बाबतीत कोकणात इलेक्ट्रिशियनच भारी पडतो, कारण इथले निम्मे कोड खारी हवा, पाऊस आणि उंदीर यांचे असतात. पण त्याच्याकडे मीटरसोबत त्या मशीनचा वायरिंग डायग्राम पाहिजे, नाहीतर तो टेस्ट लॅम्प घेऊन कंट्रोलरच्या वायरी टोचत बसतो आणि एका सेन्सरच्या जागी कंट्रोलर घालवतो. कम्युनिकेशनचा कोड असेल, म्हणजे ६३९ सारखा, तर बॅटरी काढून कॅनच्या, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन वायरींमध्ये ओहम मोजायला सांगा. ६० च्या आसपास आला तर ठीक, १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर लाइनवर नाही किंवा वायर तुटलीय.

स्कॅनरचं म्हणाल तर दोन जाती आहेत. हजारांत मिळणारा छोटा जे१९३९ रीडर इंजिनचे कोड आणि लाइव्ह आकडे दाखवतो, आणि खरी कमाई त्या आकड्यांतच आहे. सकाळी गार मशीनवर फक्त चावी ऑन करा: ऑइल प्रेशर शून्य पाहिजे, कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं पाहिजे, आणि बूस्ट अॅब्सोल्यूटमध्ये (बाहेरच्या हवेचा दाब धरून) दाखवत असेल तर आपण समुद्रकाठी असल्यामुळे १०० केपीएच्या (किलोपास्कल) आसपास. यातला एखादा भलतंच बोलत असेल तर चोर सापडला. मात्र हायड्रॉलिकच्या कंट्रोलरचे कंपनीचे स्वतःचे कोड तो वाचेलच असं नाही, आणि काही मशीनना सॉकेटच वेगळं असतं, तेव्हा घेण्याआधी आपल्या मशीनला लावून बघा. लाखांत जाणारं मल्टिब्रँड किट पाच-सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन असतील तरच. एका मशीनसाठी घेऊ नका, वर दरवर्षी सॉफ्टवेअरचे पैसे भरावे लागतात ते वेगळंच.

कंपनीचा इंजिनिअर महाग, आणि कोल्हापूरहून यायचा असेल अन् घाटात दरड आली तर दोन दिवस गेलेच. तरी काही कामं त्याच्या लॅपटॉपशिवाय होत नाहीत: इंजेक्टर बदलल्यावर नव्या इंजेक्टरचा कोड कंट्रोलरमध्ये टाकणं, नवीन कंट्रोलर प्रोग्राम करणं, पंपाचं कॅलिब्रेशन. एप्रिल २०२१ नंतरचा सीईव्ही ४ वाला (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी नियम) बॅकहो असेल तर त्याच्या धुराच्या सिस्टिमचे कोडही मी सरळ त्यालाच देतो, तिथे जुगाड केला की इंजिन पॉवर कमी करून बसतं. आणि वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही, बाहेरच्या माणसाला हार्नेसला हातच लावू देऊ नका.

कोणालाही बोलवा, कोड पुसायच्या आधी फोटो काढा, सोबत अवरमीटरचा पण, आणि मशीन तेव्हा गार होती की लोडवर ते लिहून ठेवा. इंजिनिअरला हे फोनवर दिलं की तो येताना योग्य पार्ट घेऊन येतो, नाहीतर बघायला एक फेरी आणि लावायला दुसरी, बिल दोन्हींचं.

माझ्यापुरतं ठरलंय: मीटर आणि छोटा रीडर घरात, पहिला फोन इलेक्ट्रिशियनला, मग कंपनी. फक्त आमचा इलेक्ट्रिशियन दशावतारात काम करतो, त्यामुळे जत्रा सुरू झाल्या की रात्रभर राजा होऊन फिरतो आणि दुपारी बारापर्यंत फोन उचलत नाही. रीडर खरं तर मी त्याच्यासाठीच घेतला.