ब्रेस्ट ऑगमेंटेशन, पुणे: सर्जनला पूर्ण मार्क, नंतरच्या काळजीला नाही

ब्रेस्ट ऑगमेंटेशन म्हणजे आत सिलिकॉनचे इम्प्लांट घालून छाती भरून घेणं. माझ्या ऑपरेशनला आज सात महिने झाले. क्लिनिकने दहाव्या दिवशीच रिव्ह्यू मागितला होता, तेव्हा मला धड कुशीवर वळता येत नव्हतं, काय लिहिणार. आता लिहिते. क्लिनिकचं नाव घेत नाहीये कारण तक्रारीचाही भाग आहे आणि तो मी त्यांना वेगळा लेखी कळवलाय, पण मुलं झाल्यावर हे करायचा विचार ज्या करतायत त्यांना नीट सगळं कळावं म्हणून लांबलचक लिहितेय.

मी ३८ वर्षांची, मुलगा ८ आणि मुलगी ३. दोघांनाही अंगावर पाजलं, मुलीला तर दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत. दूध बंद झाल्यावर छाती पार उतरली, वरचा भाग सपाट आणि खाली नुसती सैल कातडी. आई म्हणाली सगळ्यांचंच होतं असं, आणि ते खरंच आहे, पण मला रोज आंघोळीच्या वेळी वाईट वाटायचं आणि ते वाटणं काही खोटं नव्हतं. सोसायटीच्या पूलमध्ये मुलाबरोबर उतरायचं तर पॅडवाला कॉश्चुम, पाण्यातून वर आलं की त्या पॅडमधून किती वेळ पाणी पोटावर गळत राहायचं, त्यामुळे मी टॉवेल आधीच काठावर तयार ठेवायचे. दोन उन्हाळे असेच काढले. नवऱ्याने कधी एका शब्दाने काही म्हटलेलं नाही, हे मुद्दाम लिहिते कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी डॉक्टर पाच मिनिटं भेटले आणि मग काउन्सेलरने अर्धा तास पॅकेज समजावलं, आज बुक केलं तर डिस्काउंट. मी उठून आले. दुसऱ्या ठिकाणी सर्जन प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. (सुपरस्पेशालिटी पदवी) केलेले, हे मी आधीच तपासलं होतं आणि तुम्हीही तपासा, कारण कॉस्मेटिक सर्जन अशी पाटी लावणारा प्रत्येक जण प्लास्टिक सर्जरी शिकलेला असतोच असं नाही. यांनी उभं करून टेपने मापं घेतली, छातीची रुंदी, कातडी किती ताणली जाते, निपल छातीखालच्या घडीच्या वर आहे की खाली. माझं वर होतं म्हणून नुसत्या इम्प्लांटने भागेल म्हणाले. खाली गेलेलं असतं तर लिफ्टपण (छाती वर उचलून घ्यायचं ऑपरेशन) करावी लागली असती, कारण इम्प्लांट भरतं पण उचलत नाही, उलट वजनाने अजून ओढतं. दूध बंद होऊन किती दिवस झाले तेही विचारलं, मला ११ महिने झाले होते, निदान सहा महिने तरी जाऊ द्या म्हणजे आकार स्थिर होतो असं त्यांचं म्हणणं. मी ३५० सीसीचे (सीसी म्हणजे मिलीच) इम्प्लांट मागत होते, ते म्हणाले तुमच्या छातीच्या रुंदीला ते बाजूला काखेत जाईल, २७५ च्या वर मी घालणार नाही. पैसे मिळत असताना नाही म्हणणारा डॉक्टर बघून माझा विश्वास बसला.

घरी येऊन साइजचा अंदाज घ्यायला तांदळाची ट्रिक केली. मापाच्या भांड्याने मोजून मुलाच्या दोन मोज्यांत प्रत्येकी २७५ मिली कोलम भरला, गाठ मारून स्पोर्ट्स ब्रामध्ये घातला आणि दिवसभर घरात वावरले, मग ३५० भरून पुन्हा. संध्याकाळपर्यंत स्वतःलाच पटलं की डॉक्टर बरोबर आहेत. हे नक्की करून बघा.

आणखी एक, माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता त्यामुळे माझे प्रश्न भरपूर होते. डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी करून घेतली. मॅमोग्राफी (कॅन्सर तपासायचा छातीचा एक्स-रे) इम्प्लांट घातल्यावरही होते, फक्त टेक्निशियनला आधी सांगायचं, ते इम्प्लांट मागे सरकवून जास्तीचे व्ह्यू घेतात. खरखरीत म्हणजे टेक्स्चर्ड इम्प्लांटबद्दलपण विचारलं, कारण २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सांगण्यावरून अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल प्रकारचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले होते, त्यांच्याभोवती एका प्रकारचा लिम्फोमा (कॅन्सरच) होण्याचा धोका दिसला म्हणून. मला गुळगुळीत, गोल, सिलिकॉन जेलवाले घातलेत, थोडेसे छातीच्या स्नायूच्या खाली. इम्प्लांट जन्मभराचं नसतं हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. भोवती कडक आवरण धरू शकतं, आतल्या आत फुटलं तर बाहेरून कळतही नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. म्हणजे एकदा खर्च करून विषय संपत नाही, हे डोक्यात ठेवूनच हो म्हणा.

पैशाचं. पॅकेज १,७५,०००. सही करताना कळलं की वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१,५०० अजून. आजारपणाच्या उपचाराला जीएसटी नसतो पण कॉस्मेटिक सर्जरीला लागतो, हा नियमच आहे, त्यात क्लिनिकची चूक नाही, पण तीन वेळा फोनवर बोलणाऱ्या काउन्सेलरला हे एकदाही सांगावंसं वाटलं नाही? सर्जिकल ब्राचे पैसे पण वेगळे. मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला गेलो, रात्री बारापासून पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी उभं करून मार्करने रेघा काढल्या, मग पूर्ण भूल, साधारण दीड तास. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय असं वाटत होतं आणि थंडीने दात वाजत होते. तिथल्या सिस्टर फार चांगल्या, पांघरूण घालून हात धरून बसल्या होत्या, त्यांचे उपकार विसरणार नाही. एक रात्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरी येताना प्रत्येक स्पीडब्रेकर छातीत कळला, नवरा दहाच्या स्पीडने चालवत होता तरी. येताना छोटी उशी घेऊन जा, सीटबेल्टच्या आत छातीशी धरायला.

आता माझा मुख्य मुद्दा. क्लिनिकने सांगितलं होतं की डेस्क जॉब असेल तर एका आठवड्यात कामावर. ते खरं निघालं, मी आठव्या दिवशी घरून लॅपटॉप उघडला. पण मी घरात डेस्क जॉब करत नाही ना. इम्प्लांट स्नायूच्या खाली आहे आणि तो स्नायू कशाकशाला लागतो हे मला घरी आल्यावर कळत गेलं. फ्रिजचं दार ओढायला लागतो. कुकरचं झाकण लावायला लागतो. पलंगावरून हातावर जोर देऊन उठायला लागतो, पहिले पाच दिवस नवरा पाठीमागे हात घालून उठवायचा आणि मी लोड-तक्क्यांना टेकून अर्धवट बसूनच झोपायचे. कणीक मळायला तर सगळ्यात जास्त! अकराव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून चार पोळ्यांची कणीक मळायला घेतली आणि डाव्या बाजूला अशी कळ आली की परात तशीच सोडून खाली बसले. माहितीपत्रकात जिम, पोहणं, योगासनं सगळं बंद लिहिलंय, कणीक कुठेच नाही.

आणि मुलगी. तीन वर्षांची, तेरा किलोची, उठल्याबरोबर दोन्ही हात वर करून उभी राहणारी. सहा आठवडे उचलायचं नाही. मला कुणीतरी आधी नीट बसवून विचारायला हवं होतं की बाई, तुझ्या घरी लहान मूल आहे, रात्री ते रडलं तर कोण उचलणार? कुणी विचारलं नाही. आई नाशिकहून तीन आठवडे आली म्हणून निभावलं. तिनेच माझे केस धुतले, मी स्टुलावर पुढे वाकून बसायचे आणि ती शिकेकाईच्या पाण्याने धुवायची, बोलायची काही नाही. ऑपरेशन करते म्हटल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि तीच आली. मुलीला आम्ही सांगितलं आईला बाऊ झालाय, कडेवर नाही, आधी तू सोफ्यावर चढ मग मी बसून जवळ घेते. चार दिवस रडली, मग शिकली. ही सवय ऑपरेशनच्या आधी महिनाभर लावा, मी लावली नव्हती आणि त्या चार दिवसांचं रडणं मला टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

पाचव्या रात्री डावी बाजू उजवीपेक्षा जास्त फुगल्यासारखी आणि घट्ट वाटायला लागली. एकाच बाजूला अचानक सूज, ताप, लाली किंवा पाणी आलं तर लगेच फोन करा असं डिस्चार्ज पेपरवर लिहिलेलं, आत रक्त साठलं तर पुन्हा ओटीत न्यावं लागतं. केला. रात्री दीड वाजल्यापासून सात वेळा इमर्जन्सी नंबरवर, कुणीही उचलला नाही. शेवटी नवऱ्याने जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. सकाळी सर्जनने स्वतः सोनोग्राफी करून घेतली, साधी सूज होती, असं एका बाजूला कमी-जास्त कुणालाही होतं म्हणाले, माफीही मागितली. पण नंबर छापता तर तो उचलायला माणूस ठेवा. दोन तारे मी याच एका रात्रीसाठी कापतेय.

बाकी रिकव्हरी. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होत गेलं. पेनकिलरने पोट गच्च होतं, इसबगोल पहिल्या दिवसापासून घ्या. पुढून बटणं असलेले गाऊन चार तरी हवेत. निपलला महिनाभर काही कळत नव्हतं, मग मधूनच करंट लागल्यासारखं व्हायला लागलं, ते नसा जाग्या होतात त्याचं, आता डावीकडे थोडी बधिरता राहिलीय. पहिला महिना दोन्ही इम्प्लांट उंच चढलेले आणि कडक दिसत होते, मी आरशासमोर रडलेसुद्धा की हे काय करून घेतलं, तिसऱ्या महिन्यापासून खाली बसून मऊ पडले. खालच्या घडीतला व्रण अजून लालसर आहे, साधारण चार-साडेचार सेंटिमीटर.

सासूबाईंना महिन्याने सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणासाठी केलंस? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्या पुढे काही म्हणाल्या नाहीत, पण त्या दिवसापासून पोळ्या त्यांनी करायला घेतल्या.

मला पश्चात्ताप आहे का, तर नाही. मार्चपासून पूलमध्ये उतरतेय, साध्या कॉश्चुममध्ये. सर्जनला पाच तारे, सिस्टरना पाच, काउन्सेलिंगला दोन, रात्रीच्या फोनला शून्य, एकूण तीन. निघताना इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या, कंपनी, साइज आणि सिरियल नंबर असतो त्यावर, मला मागितल्यावरच मिळालं. क्लिनिकला मी ईमेल केलाय, माहितीपत्रकात कणीक, कुकर आणि कडेवरचं मूल हे तीन शब्द घाला आणि बुकिंगच्या आधी घरी मदतीला कोण आहे ते विचारा म्हणून. तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. आलं तर इथेच खाली लिहीन.