नोकरी गेलेल्या माणसाला 'नवीन करिअर'ची टोपी कशी घालतात, कोल्हापुरातला माझा अनुभव

नोकरीची गॅरंटी देऊन मला डेटा ॲनालिस्टचा कोर्स विकणाऱ्या क्लासचं नाव लिहिणार नाही, आधीच सांगतो. ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय आणि वकील मित्रानं बजावलंय की नाव घेऊन कुठं काय लिहीत बसू नकोस. तसंही नाव सांगून काय उपयोग, बोर्ड बदलून तीच माणसं परत बसतात. पद्धत तेवढी नीट वाचा, कारण सध्या एमआयडीसीत ज्यांचं काम सुटलंय त्यांनाच हे लोक बरोबर गाठतात.

मी गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला होतो. डिप्लोमा मेकॅनिकल. स्पेक्ट्रोचे (धातूत काय किती आहे त्याचे) रिपोर्ट, कास्टिंगचं म्हणजे ओतलेल्या पार्टचं इन्स्पेक्शन, रिजेक्शनचा म्हणजे नापास मालाचा महिन्याचा हिशोब, कस्टमरचं ऑडिट आलं की पीपीएपीच्या, म्हणजे पार्टच्या मंजुरीच्या फायली, हेच काम इतकी वर्षं. ट्रॅक्टरच्या पार्टची ऑर्डर कमी झाली, माणसं कमी केली, त्यात मी पण. घराचा हप्ता चालू, पोरगी शाळेत. शिरोली, कागल, उद्यमनगर सगळीकडं बायोडाटा देऊन झाला, एकतर बोलवत नव्हते नाहीतर आधीच्या पगारापेक्षा कमी सांगत होते. त्यात पुण्याचे दाजी प्रत्येक फोनला तेच, "अहो फौंड्रीत काय राहिलंय आता, आयटीचं काहीतरी शिका." मग रात्री पडल्या पडल्या डोक्यात तेच चालायचं, की याच लाईनमध्ये शोधत राहायचं का सहा महिने घालवून दुसरं काहीतरी शिकायचं. प्रश्न खरा होता, आजही मी म्हणणार नाही की असा विचार करणं चुकीचं. फक्त त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला जो माणूस पुढं आला तो कोर्स विकायला बसलेला होता.

जॉब पोर्टलवर रिझ्युमे अपडेट केला आणि फोन सुरू झाले. "सर तुमचा प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालाय, डेटा ॲनालिस्टची ओपनिंग आहे, कोल्हापूर ऑफिसला इंटरव्ह्यूला या." डेटा ॲनालिस्ट म्हणजे कंपनीचे आकडे तपासून त्याचे रिपोर्ट बनवणारा. इंटरव्ह्यू म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटची फाईल घेऊन राजारामपुरीत गेलो. एसी ऑफिस, भिंतभर पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाच्या खाली पॅकेज, ६ लाख, ८ लाख. एक ॲप्टिट्यूड टेस्ट घेतली, टेस्ट म्हणजे आठवीच्या पोरानं सोडवावी असली. थोड्या वेळानं मॅडम आल्या, म्हणाल्या अभिनंदन सर, तुम्ही पास झालात, फक्त टेक्निकल स्किलमध्ये गॅप आहे, तो आमच्या ट्रेनिंगमध्ये भरून निघेल आणि प्लेसमेंटची शंभर टक्के गॅरंटी. मूळ फी दीड लाखाच्या आसपास सांगितली, मग तुमचा स्कोअर चांगला आहे म्हणून स्कॉलरशिप, स्कॉलरशिप फक्त आजच्यापुरती. नंतर बॅचमध्ये कळलं की टेस्टमध्ये नापास कुणीच झालं नव्हतं आणि स्कॉलरशिप सगळ्यांनाच होती!

स्कॉलरशिप जाऊन फी ७२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी १२,९६०, असे ८४,९६०. मी म्हणलं मॅडम माझ्याकडं एवढे नाहीत, काम सुटलंय. तर म्हणे पैसे कशाला भरायचे सर, नो कॉस्ट ईएमआय आहे, महिन्याला ७,०८० फक्त, बारा महिने, आणि चौथ्या महिन्यात तर तुम्ही जॉबवर असणार, पगारातनं जातील. रजिस्ट्रेशनचे ५,००० तेवढे आत्ता कॅश द्या.

आता इथं नीट लक्ष द्या. त्यांच्याकडचा एक पोरगा म्हणाला द्या सर मोबाईल, फॉर्म भरून देतो. आधार, पॅन, सेल्फी, दोन-तीन ओटीपी, पाच-दहा मिनिटात काम झालं. मला वाटलं क्लासचा ॲडमिशन फॉर्म आहे आणि हप्ते क्लासलाच द्यायचे. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन होतं माझ्या नावावर, एक ओटीपी आधारच्या ई-साईनचा म्हणजे ऑनलाईन सहीचा आणि एक बँकेतनं दर महिन्याला आपोआप पैसे कापायच्या मँडेटचा. पैसे सरळ क्लासच्या खात्यात गेले. म्हणजे क्लासनं शिकवलं काय, नाही शिकवलं काय, त्यांचे पैसे पहिल्याच आठवड्यात वसूल आणि देणेकरी मी. आणि कहर म्हणजे नंतर ते लोनचं पीडीएफ उघडून बघितलं तर त्यात मला नोकरीवर दाखवलंय, जुन्या कंपनीचा पगार चालू उत्पन्न म्हणून टाकलाय! काम सुटलेल्या माणसाला लोन कोण देणार, म्हणून.

रिझर्व्ह बँकेचे डिजिटल लोनचे नियम आहेत, २०२२ मध्ये आले. लोन देताना की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावाच लागतो, त्यात सगळा खर्च धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि कूलिंग ऑफचे ठराविक दिवस असतात, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज भरून विनादंड बाहेर पडता येतं. मला कुणी हे तोंडानं सांगितलं नाही, मेलवर आलेलं होतं इंग्लिशमध्ये, प्रमोशनच्या मेलात दबून गेलेलं. सही अमुक दिवसात मागं घेता येते हे त्या दिवशी माहीत असतं तर ही पोस्ट लिहायची वेळच आली नसती.

क्लास कसा होता विचाराल तर पहिले काही आठवडे ठीक. एक्सेल शिकवणारे सर चांगले होते, व्हीलूकअप आणि पिव्होट मला आधीच येत होतं पण सरांची हातोटी होती. मग ते सर गेले. त्यानंतर पायथनला एक सर, एसक्यूएलला दुसरे आणि डॅशबोर्ड बनवायच्या पॉवर बीआयला तर रेकॉर्डेड व्हिडिओ लावून द्यायचे. मध्येच आमच्या बॅचमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली आणि डिजिटल मार्केटिंगवाली पोरं पण आणून बसवली. प्रोजेक्ट म्हणून सगळ्यांना नेटवर मिळणारा तोच सरावाचा टायटॅनिकचा डेटा आणि सुपरस्टोअर सेल्सचा डेटा. पुढं पुण्यातल्या एका इंटरव्ह्यूला त्या माणसानं माझा रिझ्युमे बघून हसतच विचारलं, हे सुपरस्टोअर तुम्ही पण केलंय का, आज सकाळपासून सगळ्यांनी तेच आणलंय. मग तो म्हणाला तुमच्या फौंड्रीच्या रिजेक्शनचा डेटा का नाही घेतला, त्यात काहीतरी दम होता. ते वाक्य क्लासच्या सगळ्या लेक्चरपेक्षा उपयोगी पडलं मला, फुकटात.

प्लेसमेंटचा टप्पा आला तेव्हा खरा रंग दिसला. मला आणि अजून काही जणांना केबिनमध्ये बोलवून सांगितलं की फ्रेशर म्हणून चौतिसाव्या वर्षी तुम्हाला कोण घेणार, सीव्हीवर अडीच वर्षाचा डेटा ॲनालिस्टचा अनुभव टाका, कंपनीचं ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर सगळं आम्ही देतो, त्याचे वेगळे १८,०००. मी म्हणलं माझा पीएफ जात होता हो जुन्या कंपनीतनं, यूएएनच्या म्हणजे पीएफ नंबरच्या सर्व्हिस हिस्टरीत तारखेसकट दिसतंय मी कुठं होतो ते. तर म्हणे सगळेच करतात सर, एवढं कोण बघतंय. बघतात! बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला पीएफची हिस्टरी मागतातच, आमच्याच बॅचमधल्या एका पोराला रुजू झाल्यावर महिन्याभरात काढलं, आणि आता त्याला खरा अनुभव सांगायची पण भीती वाटते.

मी खोटे कागद घ्यायला नाही म्हणलं तर क्लासनं मेल टाकला की उमेदवारानं प्लेसमेंट प्रक्रियेत सहकार्य केलं नाही, सबब जबाबदारी संपली. ॲग्रीमेंटमध्ये तसं कलमच होतं बारीक अक्षरात. शिवाय ८५ टक्के हजेरी पाहिजे आणि त्यांनी पाठवलेली कुठलीही नोकरी नाकारली तर हक्क गेला. पाठवलेली नोकरी कसली, तर पुण्यात बीपीओत फोनवर बोलायची, १५,००० पगार, राहायचं आपलं आपण. आणि भिंतीवरच्या फोटोंचं रहस्य पण तेव्हाच समजलं, त्यातली एक मुलगी मला पहिल्या दिवशी स्कॉलरशिप देणाऱ्या मॅडमच होत्या. जुनी विद्यार्थिनी, प्लेसमेंट तिथंच, महिन्याला इतकी ॲडमिशन आणायचं टार्गेट. तिच्यावर मला राग नाही बाकी, ती पण हप्ते फेडत असणार.

भिंतीवर अजून एक गोष्ट होती, फ्रेममधली सर्टिफिकेटं. आयएसओ ९००१, एमएसएमई म्हणजे लघुउद्योगाचं, भारत सरकारचा लोगो. बघणाऱ्याला वाटतं सरकारमान्य. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं, कोर्सला मान्यता वगैरे काही नसते, फौंड्रीत आम्ही दरवर्षी त्याचं ऑडिट द्यायचो तरी तिथं बसून माझ्या डोक्यात आलं नाही बघा. आणि एमएसएमईचं उद्यम रजिस्ट्रेशन तर ऑनलाईन फुकट आणि स्वयंघोषणेवर होतं, पिठाची गिरणीवाला पण काढतो. कोर्सला खरीच मान्यता असेल तर तो सरकारच्या नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरवर सापडतो, तिथं नाव टाकून बघा. फीवर जीएसटी घेतलाय तर पावतीवर जीएसटी नंबर पाहिजे, महाराष्ट्राचा असेल तर २७ नं सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. माझ्या पावतीवर नंबरच नव्हता, म्हणजे ते १२,९६० कुठं गेले देव जाणे.

नंतर काय केलं ते पण सांगतो, कारण बरेच जण इथंच गप्प बसतात. हप्ता थांबवला तर बाऊन्स चार्जेस आणि सिबिल खराब, फायनान्स कंपनी म्हणते क्लासशी तुमचं काय असेल ते तुम्ही बघा. वसुलीवाले रात्री साडेनऊला घरी फोन करायला लागले, आईनं उचलला एकदा, घाबरून गेली बिचारी. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, तो दाखवून आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडून फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल केला, त्यातच उत्पन्न खोटं टाकलंय हे पण लिहिलं. ३० दिवसात धड उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही. ती केल्यावर रात्रीचे फोन बंद झाले आणि बाऊन्स चार्जेस काढून टाकले. मुद्दल अजून माझ्याच डोक्यावर आहे, खोटं कशाला सांगू.

क्लासविरुद्ध आधी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाईनला. तिथनं नोटीस गेल्यावर क्लासचा फोन, २०,००० घ्या आणि मिटवा, म्हणजे इतके दिवस नॉन रिफंडेबल होतं ते एका फोननं रिफंडेबल झालं. नाही घेतले. मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यांचं हेड ऑफिस पुण्यात असलं तरी. मुदत दोन वर्षं. त्यांचं म्हणणं की शिक्षण ही ग्राहक सेवा नव्हे, पण राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२० मध्येच खाजगी कोचिंगला शाळा-कॉलेजच्या रांगेत बसवायला नकार दिलाय. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कोचिंगच्या जाहिरातींचे नियम काढलेत, त्यात शंभर टक्के नोकरीची हमी असले दावे करायला सरळ मनाई आहे. माझ्याकडं त्यांचा व्हॉट्सॲपवरचा बॅनर आहे, शंभर टक्के असं ठळक लिहिलेला. तो तक्रारीला जोडलाय.

शिकायचं का नाही या प्रश्नाकडं परत येतो. आता विचाराल तर मी एवढंच करेन, ज्या कामासाठी शिकायचं त्या कामाला माणसं घेणाऱ्या दोघा-तिघांना आधी भेटेन. मी ते क्लास संपल्यावर केलं. कागलच्या एका एचआरनं अर्ध्या तासात सांगितलं की आम्हाला नवखा डेटा ॲनालिस्ट नको, पण सीएमएम (पार्टची अचूक मापं घ्यायचं मशीन) चालवणारा, आयएटीएफचं (गाड्यांच्या पार्टसाठीचं क्वालिटी मानक) इंटरनल ऑडिट येणारा आणि वर रिजेक्शनचा डॅशबोर्ड बनवणारा क्वालिटीचा माणूस मिळत नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचे धडे फुकट आहेत, आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे ऑनलाईन कोर्स फुकट बघता येतात, फक्त परीक्षेला पैसे. आणि कळंब्याला राहून मी रोज सरकारी आयटीआयवरनं जात होतो, तिथं कुठले छोटे कोर्स चालतात हे विचारायला एकदा पण आत गेलो नव्हतो.

सध्या परत क्वालिटीलाच लागलोय, पगार जुन्याएवढाच, डॅशबोर्डचं काम माझ्याकडं दिलंय. बॅचमधले अजून काही जण आपापल्या तक्रारी टाकतायत. तुम्ही असल्या क्लासला नुकतंच ॲडमिशन घेतलं असेल तर आजच मेल उघडून बघा लोन कुणाच्या नावावर आहे, उत्पन्न किती दाखवलंय आणि कूलिंग ऑफची मुदत कधी संपते. ती मुदत शिल्लक असेल तर क्लासला फोन करू नका, सरळ फायनान्स कंपनीला लेखी मेल टाका.